दुधाच्या गाडीतली चिठ्ठी

“वाच. मोठ्यानं वाच.”

सकाळचे साडेसात. दूध संस्थेचा पत्र्याचा शेड. तीस-चाळीस माणसं रांगेत उभी. दुष्काळानं दूध इतकं आटलं होतं, की कॅन घेऊन येणारे आता किटल्या घेऊन यायचे. पण रांग तेवढीच. आणि त्या रांगेसमोर ड्यूटीच्या साडीत मी. हातात माझीच चिठ्ठी. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चेअरमननी सांगितलं ते मी माझ्याच पेननं लिहिलं होतं. आता ते वाचायचं होतं.

चेअरमन खुर्चीत. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणायचे.

“लिहिताना हात कापला न्हाई. वाचताना कावून कापतो?”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

मी वाचलं. “ही चिठ्ठी मी चुकून लिहिली. त्या घरात कुणालाही काहीही आजार नाही. मी माफी मागते.”

“मागच्याला ऐकू आलं न्हाई.”

मी पुन्हा वाचलं.

“आता कसं!” आबा रांगेकडं बघून म्हणाले. “आमच्या घरात खायला-प्यायला कमी हाय का, डोकं बिघडायला? उसाच्या पाचटावर जन्मलेल्या बाईनं आमची डोकी तपासायची व्हय? चल, जा. पोरांस्नी डोस पाज.”

मी निघाले. रांगेतली बायामाणसं मला वाट देताना अंग चोरत होती. त्यांच्यातल्या निम्म्यांची बाळंतपणं मी केली आहेत.

मी का वाचलं, ते आधी सांगते. लपवण्यात अर्थ नाही. शेडमध्ये बोलावण्याआधी आबांनी मला बाजूला घेऊन अगदी मऊ आवाजात विचारलं होतं, “तुझ्या बापाची बैलं आपल्याच छावणीत हायती ना? चारा मिळतो ना नीट?”

छावणी संस्थेची होती. म्हणजे आबांची. त्या साली आमच्या भागात बैल दावणीला जगवायचा तर छावणीशिवाय इलाज नव्हता. माझा बाप सहा महिने तिथंच बैलांशेजारी तट्ट्याच्या आडोशाला राहत होता. बैल गेले तर दिवाळीनंतर ऊसतोडीला गाडी कशाला जुंपणार? मी घासाघीस करणारी बाई आहे. उपकेंद्राच्या दोन पिंपांसाठी टँकरवाल्याशी भांडते, लसीच्या डब्याला बर्फ कमी आला तर परत पाठवते. त्या दिवशीही मी मनात सौदा केला. दोन ओळी वाचायच्या, दोन बैल वाचवायचे. स्वस्तात सुटले असं वाटलं.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा होता.

मी खरंच पाचटावर जन्मले. कारखान्याजवळच्या माळावर, कोपीत. कोपी म्हणजे ऊसतोड्यांचं तीन हात उंचीचं खोपट. आत माणूस ताठ उभा राहू शकत नाही. आईबाप ऊस तोडायचे, मी मोळ्या मोजायचे. सहा महिने शाळा, सहा महिने फड. तरी दहावी झाले, बारावी झाले, नर्सिंगचा कोर्स केला, आणि गेवराई तालुक्यात उमापूरच्या अलीकडच्या एका गावात उपकेंद्राची सिस्टर म्हणून लागले. मला कुणी काही फुकट दिलं नाही. त्यामुळं मी जे मिळवलं ते घट्ट धरून बसते. तो माझा गुण आहे आणि तोच दोषही.

आमच्या उपकेंद्राला बाया कशासाठी येतात? लाल सुईसाठी. जीवनसत्त्वाचं लाल रंगाचं इंजेक्शन. “सिस्टर, हातपाय गळाल्यात.” “डोकं जड हाय.” “जीव थाऱ्यावर न्हाई.” मी सुई द्यायचे. बाई चार दिवसांनी परत यायची. मी परत द्यायचे. अंगदुखी, अशक्तपणा. रजिस्टरचा तो रकाना मी असा कितीतरी वर्षं भरला.

मग बीडला एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. विषय नैराश्य. मी पहिल्या रांगेत बसले आणि शेजारणीला म्हणाले, “आमच्याकडं उदास व्हायला सवड कुणाला हाय?” दोघी हसलो.

मग एक कागद वाटला. नऊ प्रश्न. मागच्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही का? झोप? भूक? थकवा? आपण कुचकामी आहोत असं वाटतं का? हालचाल मंदावली का? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, कुणीतरी ओळखीचं माणूस डोळ्यांसमोर आणा आणि कागद भरा.

माझ्या डोळ्यांसमोर आई आली. फडावरून येऊन थंड चुलीपुढं बसलेली. काडी हातात, पण ओढत नाही. पहाटे सगळे कोयते घेऊन निघालेत आणि ही कोपीच्या कुडाकडं तोंड करून पडलेली. बाप मुकादमासमोर म्हणायचा, “आळशी हाय ती.” मुकादम तिच्या अंगावरचं पांघरूण काठीनं ओढायचा. मी सात-आठ वर्षांची. मलाही तिची लाज वाटायची. मी तिला म्हणाले होते, “ऊठ की गं, लोक बघायलेत.”

नऊपैकी आठ ओळींना मी तीन-तीन गुण दिले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो मी कोरा सोडला. आईला तो कुणी विचारला नव्हता. आता विचारायला ती राहिली नव्हती.

परत येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले.

कागदावरचे प्रश्न गावात चालत नाहीत हे पहिल्याच आठवड्यात कळलं. “उदास वाटतं का?” विचारलं की बाई म्हणणार, “न्हाई बा.” शेजारी सासू बसलेली. ती काय बोलणार? मग मी एक युक्ती काढली. दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा आणि घरच्यांना सांगायचं, “बाहेर व्हा सगळे. माणसं जवळ असली की बीपी चुकीचा येतो.” मशीनला लोक भितात. निघून जातात. पट्टा फुगेपर्यंत आणि उतरेपर्यंत आम्ही दोघीच. तेवढ्यात विचारायचं. उदास हा शब्द काढायचाच नाही. “चुलीपुढं बसलं की उठू वाटत न्हाई, असं होतं का?” बाया रडायच्या. पट्टा उतरला तरी मी सोडायचे नाही. तीन महिन्यांत सात बाया सापडल्या. त्यातल्या चौघींना आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. माझा मला अभिमान वाटायला लागला होता. हेही खरं सांगते.

आबांची धाकटी सून रेखा. नेकनूरकडची, नवरा बाहेरगावी कामाला. पहिली मुलगी झालेली, साडेतीन महिन्यांची. गावातली बाकी पोरं लसीला अंगणवाडीत यायची. आबांच्या घरी मी जायचे. ओसरीवर पोत्यावर बसायचे, आत बोलावत नसत. त्या दिवशी पोरीला सुई दिली. रेखानं रडणाऱ्या पोरीला घेतलंच नाही. हात मांडीवर तसेच.

सासूबाईंना गाव काकू म्हणतं. मी म्हणाले, “काकू, हिचा बीपी बघते. तुमी जरा आत जाता?”

त्या गेल्या. मी पट्टा बांधला.

“झोप लागती का?”

“लागती. उठूच वाटत न्हाई.”

“पोरीला घेऊ वाटतं का?”

पट्टा उतरला. मी पुन्हा फुगवला.

“सिस्टर, हिला दुसरी कुणीतरी आई असावी, आन मी कुठंच नसावी, असं वाटतं.”

“कधीपासून?”

“उन्हाळा लागल्यापासून.” मग तिनं माझं मनगट धरलं. “कुणाला सांगू नका.”

“डॉक्टरांशिवाय कुणाला नाही,” मी म्हणाले.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, असं उत्तर आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. विश्वासातलं माणूस त्याच्याजवळ बसवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. मी काय केलं? त्या घरात विश्वासातलं कोण, ते मला ठरवता आलं नाही. डॉक्टरांचा फोन लागला नाही. मग मी उपकेंद्रात येऊन रजिस्टरमध्ये नोंद केली आणि चिठ्ठी लिहिली. नाव, वय, नऊ ओळी, नऊ गुण. नवव्या ओळीखाली रेघ ओढून लिहिलं, तातडीचे. दोन घड्या घातल्या. आणि दुधाच्या गाडीत दिली.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडं तीच रीत होती. दुधाची गाडी रोज आरोग्य केंद्रावरून जायची. आमचे रिपोर्ट, थुंकीच्या तपासणीचे डबे, औषधांच्या मागण्या, सगळं त्याच गाडीनं जायचं. ड्रायव्हर कॅनच्या दोरीत कागद खोचायचा आणि केंद्राच्या खिडकीत टाकायचा. शेकडो कागद गेले असतील. एकही हरवला नाही. त्यामुळं गाडी कुणाची हा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. गाडी संस्थेची होती आणि संस्था आबांची. ड्रायव्हरनं आडनाव बघितलं आणि चिठ्ठी केंद्राऐवजी डेअरीच्या सचिवाला दिली. सचिवानं ती चार लोकांत वाचली. संध्याकाळपर्यंत गावाला पाठ झाली.

पाकिटसुद्धा वापरलं नव्हतं मी. पाकिटांचा गठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात पडून होता.

माफी वाचून आल्यावर आबांच्या माणसासमोर मी रजिस्टरमधली नोंदही खोडली. मग आरोग्य केंद्रात गेले, डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते लसीकरणाचा तक्ता बघत होते. मान वर न करता म्हणाले, “कशाला नसत्या भानगडीत पडता, सिस्टर? मोठ्या लोकांचं मोठे लोक बघतील. तुमच्या डोसांची टक्केवारी कमी आहे.” मी म्हणाले, “सर, नववा प्रश्न.” ते म्हणाले, “तुम्हीच लिहून दिलंय ना, आजार नाही म्हणून?”

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

त्यानंतर बाया येईनाशा झाल्या. आल्या तरी बीपीचा पट्टा बघितला की हात मागं. “नको बाई. परत चिठ्ठी लिहिताल.” ज्या चौघी गोळ्या घेत होत्या, त्यातल्या तिघींनी बंद केल्या. चौथीच्या नवऱ्यानं गोळ्यांचं पाकीट माझ्या ओट्यावर टाकलं. आणि तसाच मागं फिरला.

मी आबांच्या घरी दोनदा गेले. दोन्ही वेळा काकू ओसरीवरच आडव्या आल्या. “झोपलीय ती.” मी परत फिरले. बैल आठवायचे.

उपकेंद्राच्या मागची खोली माझी. एक खाट, एक गॅस, भिंतीवर लसीकरणाचं पोस्टर. दुपारी तिथं पंख्याचाच काय तो आवाज. कुणी हाक मारायचं नाही. मी स्वयंपाक करणं सोडलं. पाव खायचे, कधी तोही नाही. सकाळी जाग यायची आणि पाय खाली टाकायला तास जायचा. टँकर आला तरी उठले नाही. पिंपं कोरडी राहिली. पोस्टरवरचं बाळ हसत होतं, त्याच्याकडं बघत पडून राहायचे.

एका दुपारी मी माझ्याच दंडाला पट्टा बांधला. का, ते सांगता येणार नाही. सवयीनं फुगवला आणि सवयीनं तोंडातून प्रश्न निघाला. “चुलीपुढं बसलं की उठू वाटत न्हाई, असं होतं का?”

होतं.

मी नऊच्या नऊ विचारले. मोठ्यानं. नवव्याला “अजून नाही” असं उत्तर आलं. त्यातल्या “अजून”ची मला भीती वाटली. माझे पंधरा गुण झाले. मी, जी ट्रेनिंगमध्ये हसले होते. तेव्हा मला कळलं, की आईच्या अंगावरचं पांघरूण मुकादमानं ओढलं तेव्हा तिला कुठं लागलं असेल.

दोन दिवसांनी अंगणवाडीत वजनाचा दिवस. काकू नातीला घेऊन आल्या. पोर काट्यावर ठेवली. महिन्याभरात वजन वाढायचं, ते घटलं होतं.

“आई कुठंय हिची?”

“झोपलीय.”

“पाजती का?”

“तिला कशाची सवड? नाटकं चालल्यात दिवसभर.” काकू पोरीला झबलं घालत म्हणाल्या. “तुमीच म्हणला न्हवं का डेअरीवर, काई आजार न्हाई म्हणून? तेच सांगतो आमी तिला रोज.”

मी वजन वहीत लिहिलं आणि वही मिटली.

मी तिथून सरळ छावणीत गेले. बाप बैलांना पाणी दाखवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. आज त्या घरात जाणार हेही सांगितलं.

त्यानं बादली खाली ठेवली. मग म्हणाला, “बैलं गेली तर मी कशावर जाऊ उसाला?”

“मी बघते काहीतरी.”

“काय बघती? तुझ्या आयला कुणी लिहिली हुती चिठ्ठी? काढलेच ना तिनं दिवस?”

“काढले,” मी म्हणाले. “मी बघितलेत ते.”

त्यानं तोंड फिरवलं आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी थांबलेही नाही.

भर दुपारी आबांच्या घरी गेले. ओसरी ओलांडली. पोत्याकडं बघितलंसुद्धा नाही. आबा जेवत होते. ताटावरून उठलेच एकदम.

“आत कुठं चालली?”

“रेखाला घेऊन चालले. बीडला.”

“जीभ लई लांब झाली काय गं तुझी?” मग त्यांनी आवाज मऊ केला. तोच, डेअरीबाहेरचा. “बस. काय पाहिजे तुला, बोल. बदली पाहिजे? बीडला करून देतो. बापाची बैलं दिवाळीपस्तोर सांभाळतो.”

“बदली नको. सून पाहिजे.”

“न्हाई सोडली तर?”

“तर ऐका आबा. नातीचं वजन घटलंय, ते सरकारी वहीत हाय. सुनंनं मला काय सांगितलं, ते मी कुणाला सांगणार न्हाई, डॉक्टर सोडून. पण उद्या ह्या घरात काई झालं, तर तुमी मला काय लिहायला लावलं ते मी सगळीकडं सांगन. चाळीस माणसं साक्षीला तुमीच उभी केलीत.”

आबा काकूंकडं बघायला लागले. काकू जमिनीकडं. तेवढ्यात मधल्या घराच्या दारात रेखा येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, पदर जमिनीवर. मी तिला विचारलं, “येती का? तू म्हणली तरच नेणार.”

तिनं चप्पल शोधली. एकच सापडली. ती तशीच निघाली. मी माझ्या चपला काढून तिला दिल्या, पोरीला कडेवर घेतलं आणि आम्ही एसटीच्या फाट्यावर आलो. रस्ता भाजत होता.

गेवराई गेल्यावर ती बोलली. खिडकीतून बाहेर बघत.

“तुमी कुणाला सांगणार न्हाई म्हणला हुता.”

“चुकले मी. चिठ्ठी अशी उघडी पाठवायला नको होती.”

“चिठ्ठीचं एवढं न्हाई.” ती थांबली. “तुमी म्हणलात मला काई झालं न्हाई. घरची म्हणत हुती तवा मी मनात म्हणायचे, सिस्टरला तर खरं म्हाईत हाय. मंग तुमीच तसं म्हणलात. मंग मला वाटलं, आपुनच खोटं असू.”

त्या दोन ओळींनी मी काय विकलं होतं, ते आता समजलं. या बाईजवळ तिचं दुःख खरं आहे एवढं एकच काय ते उरलं होतं. ते मी डेअरीच्या शेडमध्ये मोठ्यानं वाचून पुसून टाकलं होतं.

नेकनूरहून तिची आई बीडच्या दवाखान्यात आली. मी येताना फोन केला होता. डॉक्टरांनी रेखाला ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी माझी स्वतःची चिठ्ठी केली. नाव माझं, गुण माझे. पाकिटात घातली आणि माझ्या हातानं त्याच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

रेखा आता आईकडं आहे. गोळ्या चालू आहेत. कधी पोरीला घेते, कधी नुसती बघत बसते. बरी झाली असं मी लिहिणार नाही. वेळ लागतो, आणि तो कुणी मोजू नये.

बैलांना आठवड्यात छावणीबाहेर काढलं. खापर पावतीतल्या चुकीवर फोडलं. बापानं ते पडत्या भावात विकले आणि नात्यातल्या माणसाकडं निघून गेला. तो माझ्याशी बोलत नाही. मी फोन करते, तो उचलतो, ऐकतो आणि ठेवतो. मलाही कार्यालयाची नोटीस आली. परवानगीविना गाव सोडलं म्हणून. उत्तर दिलं आहे.

एक काम राहिलं होतं. त्यासाठी आधी रेखाला फोन केला. तुझं नाव घेणार नाही, पण गावाला कळेलच, बोलू का, असं विचारलं. ती म्हणाली, “बोला. मी खोटी न्हवते, येवढं सांगा त्यास्नी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी डेअरीच्या शेडमध्ये गेले. तीच रांग, त्याच किटल्या. आबा खुर्चीत. मी रजिस्टर उघडून काहीही वाचलं नाही. ते वाचायचा हक्क माझा नव्हता, त्यांचा तर नव्हताच.

मी म्हणाले, “इथं उभं राहून मी एक माफी मागितली होती. ती परत घेते. चिठ्ठी मी चुकून लिहिली नव्हती, ती खरी होती. माफी मला लिहायला लावली होती. माझी चूक एकच. कागद ह्यांच्या गाडीत टाकला.”

“मागच्याला ऐकू आलं का?” मी विचारलं.

कुणी हसलं नाही. दूध मापणाऱ्याचा हात तेवढा थांबला होता.

मी उपकेंद्रात आले. रजिस्टरमधल्या त्या खोडलेल्या नोंदीखाली लिहिलं, नोंद खरी आहे, दबावाखाली खोडली होती. सही केली. आता बाहेरच्या बाकावर कुणी नसलं तरी मी रोज नऊ वाजता बीपीचं मशीन टेबलावर मांडून ठेवते. या गावातला कुठलाही कागद यापुढं दुधाच्या गाडीत जाणार नाही. बंद पाकिटात, माझ्या हातानं, माझ्या पायानं जाईल. मग ती बाई पाचटावर जन्मलेली असो की माडीवर. नववा प्रश्न मी विचारणार. आणि उत्तर आलं, तर त्या बाईला एकटं सोडून मी उठणार नाही.

एकदा उठले होते.